कर्जाला शेवट हवा

तेलंगणात आदिलाबादजवळच्या आमच्या इचोड्यात व्याज वर्षाच्या टक्क्यांत कुणी सांगत नाही. शंभराला महिन्याचे किती रुपये, एवढंच विचारतात. 'दोन रुपयांनी उचलले', 'तीनच्या खाली मिळेना', अशी बोलणी कापसाच्या गाडीजवळ, खताच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात सहज कानावर येतात. तेलुगू शेजारी व्याजाला मित्ती म्हणतात; त्यांचाही हिशेब असाच शंभराचा नि महिन्याचा. दोन रुपये म्हणजे ओळखीतला व्यवहार, तीन म्हणजे माणूस अडलेला आहे, आणि पाच म्हटलं की ऐकणाराच काळजीत पडतो. मराठी, तेलुगू, गोंडी, बंजारा आणि दखनी बोलणारी माणसं एका बाजारात येतात, पण हे माप सगळ्यांना सारखंच कळतं.

क्रेडिट कार्डाचं कर्ज याच मापात बसवून पाहावं. अनेक कार्डांवर थकलेल्या रकमेला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे साडेतीन रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ६३ पैसे. शंभराला महिन्याचे ४ रुपये १३ पैसे. वर्षाला साडेएकोणपन्नास रुपये. गावात कुणी या दराने पैसे उचलल्याचं कळलं, तर मोठी माणसं त्याला जवळ बसवून घेतील, अशी काय नड आली म्हणून विचारतील. कार्डाच्या कर्जाची अशी विचारपूस होत नाही. ते फोनवर येतं, फोनवरच वाढतं, आणि बरेचदा घरातल्या दुसऱ्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो.

अशा कर्जातून आमचं घर बाहेर आलं, त्याला आता बराच काळ झाला. त्या काळावर विचार करताना एक गोष्ट पक्की होत गेली आहे. कर्ज फेडायला पैसा लागतो हे खरंच. पण त्याआधी कर्जाचा शेवट ठरवावा लागतो. हा शेवट कधीकाळी रूढी ठरवून देत असे, कधी कायदा. कार्डाच्या कर्जाला तो कुणी ठरवून दिलेला नाही. म्हणून तो घराने ठरवायचा, आणि आपल्या कायद्यानेही पुन्हा ठरवून द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडे हे कर्ज आलं वडिलांच्या आजारपणातून. मी खासगी शाळेत शिकवतो आणि घरची थोडी कपाशीची शेती आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ गावाजवळून जातो, त्यामुळे आदिलाबाद जवळ. पण मोठा इलाज म्हटला की इथली माणसं वर नागपूर गाठतात नाहीतर खाली हैदराबाद. तिथे रोख रक्कम लागते आणि ती त्याच दिवशी लागते. पगाराच्या खात्यावर मिळालेली कार्डं त्या वेळी उपयोगी पडली, वडील बरे होऊन घरी आले, याबद्दल माझ्या मनात आजही तक्रार नाही. संकटात चटकन मिळालेला पैसा माणसाला वाचवतो. प्रश्न त्यानंतर सुरू होतो, कारण हा पैसा ज्या चालीने परत मागितला जातो ती चाल शेतकऱ्याच्या घराची नसते.

आमच्याकडचा पैसा हंगामाचा. मृगाच्या पावसावर कपाशीची लावण, दसऱ्याच्या पुढे वेचणी, आणि संक्रांतीच्या आसपास बहुतेक कापूस विकला गेलेला असतो. भाव आणि ओलावा या दोन गोष्टींवर वर्ष ठरतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला. पण भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की माल घेतच नाहीत. बोंडं फुटायच्या वेळी पाऊस लागला तर हाती येणारी रक्कम बदलते आणि येण्याचा महिनाही बदलतो. आमच्या त्या वर्षी तेच झालं. कापूस भिजला, वाळवून विकेपर्यंत महिने गेले, आणि कार्डाचं बिल मात्र ठरलेल्या तारखेला येतच राहिलं.

या भागात 'कार्ड' म्हटलं की आधी आठवतं ते किसान क्रेडिट कार्ड. १९९८ साली ही योजना आली, तेव्हा तिच्यामागचा विचार शेतकऱ्याच्या वर्षाला धरून होता: पेरणीला उचल, पीक विकलं की फेड. तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला ७ टक्के व्याज, आणि मुदतीत फेडलं तर त्यातले ३ टक्के परत. गावच्या मापात सांगायचं तर शंभराला महिन्याचे ३३ पैसे. दुसऱ्या कार्डावर तोच आकडा ४ रुपये १३ पैसे. दोन्ही कार्डं एकाच खिशात असतात, दोन्हींवर बँकेचं नाव असतं, आणि दोन्हींत बारा पटींहून जास्त फरक असतो. शिवाय तेलंगणात पीक कर्ज माफ होताना लोकांनी पाहिलं आहे. राज्य झाल्यावर एक लाखापर्यंतचं, आणि २०२४ मध्ये दोन लाखांपर्यंतचं. त्यामुळे कोणतंही कर्ज कधीतरी सरकार सोडवेल अशी एक आशा मनात रुजली आहे. कार्डाचं कर्ज त्या माफीत बसत नाही. तशा माफीची वाट पाहत बसलेल्या घरांना मी पाहिलं आहे, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

आता बिलाकडे येऊ. त्यावर दोन रकमा छापलेल्या असतात: एकूण देणं आणि किमान देणं. एक लाख रुपये थकले आहेत, कार्ड वापरणं पूर्ण बंद केलं आहे आणि किमान देणं पाच टक्के आहे, असं धरू. महिन्याचं व्याज आणि कर मिळून ४,१३० रुपये होतात. व्याजासकट झालेल्या रकमेचे पाच टक्के म्हणजे साधारण ५,२०० रुपये आपण भरतो. त्यातले मुद्दलाला लागतात अवघे हजार-अकराशे. पुढच्या महिन्यात देणं जरा कमी होतं, म्हणून किमान रक्कमही जरा कमी होते. असं वर्षभर भरलं तर सुमारे ५९ हजार रुपये बँकेत जातात आणि एक लाखाचे होतात अठ्ठ्याऐंशी हजारांच्या आसपास. कर्ज निम्म्यावर यायला पाच वर्षांहून जास्त लागतात. हे सगळं एकही हप्ता न चुकवता, नियमित म्हणून नाव राखून.

इथे एक छोटा बदल करून पाहावा. पहिल्या महिन्याला जे ५,२०० भरले, तेच दर महिन्याला भरत राहायचं. बिलावरची किमान रक्कम खाली आली तरी आपण खाली यायचं नाही. मग हेच कर्ज सव्वातीन वर्षांत संपतं. रक्कम आठ हजारांवर नेता आली तर अठराव्या महिन्यात संपतं. ५,२०० चाच हिशेब धरला तर पहिल्या महिन्यात तिजोरीतून जाणारा पैसा तोच आहे. फरक एवढाच की रक्कम कोण ठरवतं. बिलावरचा किमान आकडा पाळला की कर्जाचा शेवट पुढे पुढे सरकत राहतो. आपला आकडा धरून ठेवला की शेवटाची तारीख कागदावर लिहिता येते. माझ्या मते सुटकेची पहिली पायरी हीच आहे.

आणखी एक गोष्ट बिलाच्या बारीक अक्षरांत असते. मागचं देणं पूर्ण भरलेलं नसेल तर नव्या खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदत राहत नाही. त्या दिवशी घेतलेल्या किराण्यावर त्याच दिवसापासून व्याज चालू होतं. कार्डावरून रोख काढली तर वेगळं शुल्क आणि पहिल्या दिवसापासून व्याज. म्हणून थकबाकी असताना 'तेवढं पेट्रोल कार्डावर' हा व्यवहारही चार रुपये तेरा पैशांचा असतो. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागलं, त्यामुळे मोठ्या शहरातल्या यंत्रावर चालणारं कार्ड आता रस्त्याकडेच्या दुकानातल्या क्यूआर कोडवरही चालतं. सोय मोठी आहे. पण कर्ज काढण्याचा क्षण आणि भाजी घेण्याचा क्षण एक झाला, की माणसाला थबकायला जागा उरत नाही. फेड सुरू केली त्या दिवशी आम्ही कार्ड फोनमधून काढून टाकलं, ते यासाठी.

हा विषय नुसत्या कौटुंबिक शिस्तीचा समजला जातो, ते मला मान्य नाही. कर्जाने माणूस कुठवर जाऊ शकतो हे आदिलाबाद जिल्ह्याने फार जवळून पाहिलं आहे. १९४० साली निजामाविरुद्ध लढणारा गोंड आदिवासींचा पुढारी कुमराम भीम जोडेघाट इथे मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांना गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करायला सांगितलं. मारलवाईला राहून त्यांनी जे लिहिलं त्यात कर्जापायी हातच्या गेलेल्या जमिनींची नोंद पुन्हा पुन्हा येते. आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनीही याच जिल्ह्यात आदिवासींसाठी अधिकारी म्हणून काम केलं, गोंडी शिकले आणि गोंडांवर पुस्तक लिहिलं. त्या काळात पैसा देणाऱ्यांत आणि जमिनी घेणाऱ्यांत मराठी बोलणारेही होते, हे आपण मराठी माणसांनी लक्षात ठेवायला हवं. जिथे देणेकऱ्याला हिशेब वाचता येत नाही आणि कर्जाला वरची मर्यादा नाही, तिथे थोडक्या उचलीतून शेत जातं. हे इथे घडलेलं आहे.

त्याच्याही आधी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात १२ मे १८७५ रोजी शेतकरी सावकारांच्या दारात जमले आणि त्यांनी रोखे आणि वह्या ताब्यात घेऊन जाळल्या. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत ही आग पसरली. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्ज निवारणाचा कायदा आला. त्यात दोन मोठ्या गोष्टी होत्या. रोख्यावर काय लिहिलंय एवढ्यावर न थांबता व्यवहार सुरुवातीपासून तपासायची मुभा न्यायाधीशाला मिळाली. आणि पावती नि हिशेब मागायचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणंही थांबलं. शेतकऱ्यांनी जाळला तो कागद, आणि कायद्याने दिला तोही कागदच, पण देणेकऱ्याच्या हातातला.

याहूनही जुना नियम दामदुपटाचा. मुद्दल जेवढं, त्याच्यापेक्षा जास्त थकलेलं व्याज एका वेळी वसूल करता येणार नाही, हा धर्मशास्त्रातून आलेला दंडक मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही मानला. कर्ज दुपटीला पोचलं की तिथे थांबलं. नियमित भरलेल्या व्याजाला तो आळा घालत नसे, तेव्हा त्याची शक्ती वाढवून सांगू नये. तरी त्यामागचं तत्त्व फार मोलाचं आहे. घेतलेल्या पैशाचं ओझं किती वाढू द्यायचं याला समाजाने एक रेघ आखली होती, आणि ती ऐपत पाहून आखलेली नव्हती; गरीब आणि श्रीमंत दोघांनाही ती सारखी होती.

हे तत्त्व आमच्या राज्यात अलीकडे एकदा परत आलं होतं. २०१० साली, तेलंगण तेव्हा आंध्र प्रदेशात असताना, बायकांच्या गटांना छोटी कर्जं देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या आठवड्याच्या वसुलीने गावोगावी हाहाकार झाला. आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. त्या ऑक्टोबरमध्ये सरकारने अध्यादेश काढला आणि पुढे त्याचा कायदा झाला. त्यात लिहिलं होतं की कर्जदाराकडून मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येणार नाही. दामदुपटापेक्षाही हे पुढचं पाऊल होतं, कारण आजवर भरलेलं सगळं व्याज त्यात मोजलं जात होतं. या कायद्याची दुसरी बाजूही आहे: कंपन्यांनी हात आखडला, फेड थांबली आणि नडलेल्या बायकांना पुन्हा खासगी सावकाराकडे जावं लागलं. मर्यादा घालताना दुसरीकडे कर्जाची सोय उभी करावी लागते, हा त्यातला धडा. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये तेलंगण उच्च न्यायालयाने निकाल दिला की रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या वित्त कंपन्यांना हा राज्याचा कायदा लागू होत नाही.

कार्डांच्या बाबतीतही अशीच एक रेघ आखली गेली आणि पुसली गेली. ७ जुलै २००८ रोजी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ठरवलं होतं की कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला; व्याजदराचा विषय रिझर्व्ह बँकेचा आहे, आयोगाचा नाही, असं सांगितलं. अधिकार कुणाचा हा कायद्याचा प्रश्न न्यायालयाने सोडवला. ज्या घरात दर महिन्याला चार रुपये तेरा पैसे जातात, त्या घराचा प्रश्न तिथेच राहिला.

मग घराने काय करायचं? आमच्या घरात उत्तर सुरू झालं ते वडिलांपासून. आजारी माणसाला ताप नको म्हणून घरच्यांनी त्यांच्यापुढे हा विषय काढला नव्हता. पण त्यांनीच एक दिवस बिलाचा कागद समोर मागितला. आकडे बघून त्यांनी एकच विचारलं, "किती रुपयानं हाय?" मी गावच्या मापात सांगितलं. ते म्हणाले, "एवढ्यानं त म्या जलमात पैसे उचलले नाही. कर्ज माह्या इलाजाचं हाय न, मंग घरानंच फेडा लागन." त्यानंतर ते कर्ज घराचं झालं. कापसाच्या पैशांचं काय करायचं, पोळ्याला बैलांचा साज किती रुपयांचा, नातलगांच्या लग्नात आहेर किती, हे सगळे निर्णय त्या कागदाकडे बघून होऊ लागले. जे कर्ज एकट्याच्या फोनमध्ये असतं ते एकट्याच्या पगारातूनच फिटू शकतं. घरात मांडलेल्या कर्जामागे घरातली सगळी ताकद उभी राहते.

पुढचं काम हिशेबाचं होतं. वहीत प्रत्येक देण्याची रक्कम आणि त्याचा शेकडा दर लिहिला: कार्ड, सोसायटी, खताच्या दुकानाची उधारी, नातलगाकडचे हात उसने. लिहिल्यावर आधी काय फेडायचं ते आपोआप दिसलं. ज्याचा शेकडा सगळ्यात मोठा त्याला जास्तीत जास्त, बाकीच्यांना ठरल्यापुरतं. नातलगाला मात्र तोंडी सांगून मुदत मागितली, कारण तिथे व्याज नसलं तरी शब्द असतो. पीक कर्ज वेळेत फेडून नवं करून घेणं सोडलं नाही. ३३ पैशांचं कर्ज थकवून चार रुपयांचं फेडण्यात थोडा फायदा दिसतो, पण त्यात पुढच्या पेरणीचा आधारच जातो.

मग सोन्याचा विषय निघाला, आणि तो बायकोने काढला. "मोडायचं नाही, गहाण ठेवू," असं ती म्हणाली. बँकेत सोनं ठेवून मिळणारं कर्ज वर्षाला नऊ-दहा टक्क्यांच्या आसपास पडतं, म्हणजे शंभराला महिन्याचे ८० पैसे जवळपास. कार्डाच्या दराचा पाचवा हिस्सा. शिवाय काही बँका वर्षाच्या शेवटी एकरकमी फेडायची मुभा देतात, ती कापसाच्या हंगामाशी जुळते. पण यात धोका आहे आणि तो सांगायलाच हवा. कार्डाचं कर्ज बिनतारण असतं. सोन्याचं कर्ज थकलं तर सोन्याचा लिलाव होतो. कार्ड पूर्ण बंद ठेवण्याची खात्री असेल आणि फेडीची तारीख ठरलेली असेल, तरच ही अदलाबदल करावी. सोनं नसेल तर पगारावरचं साधं वैयक्तिक कर्जही उपयोगी पडतं. वर्षाला १४ टक्क्यांनी एक लाख तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ३,४२० रुपये येतो, आणि शेवटचा हप्ता कधी ते पहिल्याच दिवशी ठरतं. मला यातली हीच बाजू सगळ्यात महत्त्वाची वाटते. एका कार्डाचं देणं दुसऱ्या कार्डाने भागवत राहण्यात शेवट कुठेच नसतो.

ज्यांचे हप्ते आधीच थकले आहेत त्यांच्यासाठी काही गोष्टी ठामपणे माहीत असणं गरजेचं आहे. कार्डाचं बिल थकणं हा दिवाणी मामला आहे. पैसे नाहीत म्हणून कुणी अटक करू शकत नाही. दिलेला चेक वटला नाही किंवा खात्यातून होणारी आपोआप वसुली पैशांअभावी फिरली तर मात्र वेगळे कायदे लागतात, म्हणून भीतीपोटी कोरे चेक कधीच देऊ नयेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, चारचौघांत अपमान, घरच्यांना किंवा मित्रांना त्रास, यांतलं काही करायचं नाही. तसं झालं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १२ नोव्हेंबर २०२१ पासून त्यासाठी सगळ्यांना मिळून एकच योजना आहे आणि तक्रारीला पैसे लागत नाहीत. १८७९ साली जसा हिशेबाचा हक्क मिळाला, तसा हा सन्मानाचा हक्क आहे, आणि तो वापरल्याशिवाय टिकत नाही.

तडजोडीचाही मार्ग असतो. फारच थकलेल्या कर्जात बँक काही रक्कम सोडून बाकीवर मिटवायला तयार होते. ज्याचं उत्पन्नच बुडालं त्याने हा मार्ग घ्यायला लाजू नये. पण सोडलेली रक्कम, भरायची रक्कम आणि तारीख बँकेच्या पत्रावर आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. सिबिलच्या अहवालात असं खातं 'पूर्ण फेडलं' असं न दिसता 'तडजोडीने मिटलं' असं दिसतं, आणि पुढे घरासाठी किंवा ट्रॅक्टरसाठी कर्ज मागताना ते आडवं येऊ शकतं. हे तोलून निर्णय घ्यावा. पूर्ण फेड झाली की कार्ड बंद करायचा अर्ज द्यावा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे, देणं बाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचं असतं. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यायचा असतो. बाकी नसल्याचं पत्र घेऊन ते जमिनीच्या कागदांसोबत जपून ठेवावं.

त्याच निर्देशांत आणखी एक चांगली तरतूद आहे. केवळ किमान देणं भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल आणि व्याज चढत राहील, असा इशारा बिलावर छापणं बँकांना बंधनकारक आहे. किमान देणं असं ठरवावं की कर्ज उलट वाढणार नाही, असंही म्हटलं आहे. ही दोन्ही पावलं बरोबर दिशेची आहेत. पण इशारा बरेचदा इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असतो, आणि किमान देण्याने कर्ज वाढत नसलं तरी संपतही नाही. जो देश दीडशे वर्षांपूर्वी शेतकऱ्याला पावतीचा हक्क देऊ शकला, त्याला आज बिलावर मराठीत, तेलुगूत ठळक अक्षरांत एक ओळ छापणं अवघड नाही: शंभराला महिन्याचे किती रुपये. माझ्या गावात ती ओळ पाचवी शिकलेल्या माणसालाही कळेल.

आणि त्याच्या पुढचं पाऊल मर्यादेचं. बिनतारण छोट्या कर्जांवर, मग ते कार्डाचं असो की फोनवरच्या ॲपचं, एकूण व्याज आणि शुल्क मुद्दलाच्या पुढे जाऊ नये, असा नियम संसदेने किंवा रिझर्व्ह बँकेने करावा. बँकांचं यात नुकसान होईल असं म्हटलं जाईल. पण ज्या कर्जात मुद्दल परत आलं आणि त्याएवढंच व्याजही मिळालं, त्यात बँकेचं काय बुडालं? तिथून पुढे जे वसूल होतं ते माणसाच्या अडचणीचं भाडं आहे. आपल्या पूर्वजांनी हे ओळखलं होतं. २०१० साली आमच्या विधानसभेनेही ते मान्य केलं होतं.

तो नियम येईल तेव्हा येवो. घराला थांबून चालत नाही. आमचं शेवटचं बिल भरलं त्यानंतरच्या महिन्यातही तेवढीच रक्कम आम्ही बाजूला काढली, आणि ती आवर्ती ठेवीत टाकली. हप्ता भरायची सवय घराला लागली होती; ती मोडण्याआधी कामाला लावली. त्या ठेवीवर आम्ही 'दवाखाना' असं नाव घातलं आहे, कारण आमचं कर्ज तिथूनच आलं होतं. आजारपण पुन्हा येऊ शकतं, कापूसही पुन्हा भिजू शकतो. पण पुढच्या वेळी पहिले काही हजार आपलेच असतील, बिनव्याजी. कर्जातून सुटलेल्या प्रत्येक घराने एवढं करावं, अशी माझी विनंती आहे. जे घर अजून अडकलेलं आहे त्याने आज वही उघडावी, घरातल्या सगळ्यांना बोलावावं, आणि शेवटच्या हप्त्याची तारीख सगळ्यांच्या समोर लिहावी.